फॅब घरची, पण जाण घरची आहे का?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक एका मध्यम आकाराच्या अर्धवाहक कंपनीत वरिष्ठ पदावर आहेत. कंपनी दोन प्रकारच्या चिप बनवते: एक, वीजपुरवठ्याचे नियंत्रण करणाऱ्या अॅनालॉग चिप, आणि दुसरे, छोटे मायक्रोकंट्रोलर. दोन्हींचे डिझाइन कंपनीतच होते आणि जवळजवळ सर्व उत्पादन कंपनीच्या स्वतःच्या जुन्या फॅबमध्ये, म्हणजे चिप बनवण्याच्या कारखान्यात, 200 मिलिमीटर व्यासाच्या वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) होते. मायक्रोकंट्रोलरच्या पुढच्या पिढीला लागणारी प्रोसेस (उत्पादनाची पद्धत) या फॅबमध्ये बसवणे शक्य नाही. त्यामुळे फॅब विकून पूर्णपणे फॅबलेस व्हावे, म्हणजे डिझाइन घरी ठेवून उत्पादन बाहेरून करून घ्यावे, असा प्रस्ताव संचालक मंडळापुढे आला आहे आणि त्यावर पत्रलेखकांनी सहा आठवड्यांत तांत्रिक अभिप्राय द्यायचा आहे. त्यांच्या नोकरीची पहिली चौदा वर्षे फॅबमध्ये प्रोसेस अभियंता म्हणून गेली, त्यानंतर ते डिझाइन विभागात आले. डिझाइन आणि उत्पादन एकत्र असणे हेच कंपनीचे बळ आहे, असे त्यांना मनापासून वाटते. त्यांच्या हाताखाली काम करणारी एक तरुण सहकारी मात्र हा गेलेल्या काळाचा मोह असल्याचे स्पष्ट सांगते. "मी जे लिहिणार आहे ते तांत्रिक मत आहे की फॅबवरची माया, हेच मला कळेनासे झाले आहे," असे ते लिहितात.

उत्तर:

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात 'एकत्र' हा शब्द सात वेळा आला आहे, पण एकत्र असल्यामुळे नेमके काय घडले, कोणती चिप सुधारली, कोणता ग्राहक मिळाला, याचे एकही उदाहरण नाही. मला सर्वांत आधी हे खटकले आणि तुमच्या संचालकांनाही हेच खटकेल. उदाहरणे नसतील असे मी म्हणत नाही. चौदा वर्षे फॅबमध्ये काढलेल्या माणसाला काही गोष्टी इतक्या उघड वाटतात की त्या लिहाव्यात असे त्याच्या मनातच येत नाही. पण अभिप्रायात त्या लिहाव्या लागतील, आणि लिहिताना तुमचे गृहीतक तपासले जाईल.

ते गृहीतक असे दिसते: फॅब आणि डिझाइन विभाग एकाच मालकीचे असले की त्यांच्यात ज्ञानाची देवाणघेवाण होतेच. माझा अनुभव वेगळा आहे. मी काही वर्षे एका कंपनीच्या यील्ड विभागात होतो; वेफरवरच्या चिपपैकी किती चांगल्या निघतात, ते यील्ड. फॅब आणि डिझाइन विभाग एकाच आवारात होते, मध्ये फक्त एक हिरवळ होती. एका चिपचे यील्ड अचानक घसरले. वेफरच्या नकाशावर सदोष डायचे (वेफरवरच्या एकेका चिपच्या तुकड्याचे) लाल ठिपके कडेकडेने वर्तुळात उमटत होते, मध्यभाग मात्र स्वच्छ होता. सदोष डाय कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा दोन धातुथरांना जोडणारा एक व्हाया तळाशी नीट उघडलेलाच नव्हता. फॅबमधले लोक कित्येक आठवडे एचिंगची (थर कोरून काढण्याची) वेळ आणि वायूचे प्रमाण बदलत राहिले. त्या व्हायाच्या शेजारी बरीच मोकळी जागा आहे, तिथे दुसरा व्हाया सहज बसतो आणि लेआउटमधला (चिपच्या प्रत्यक्ष आराखड्यातला) हा बदल अर्ध्या दिवसाचा आहे, हे हिरवळीपलीकडच्या लेआउट अभियंत्याला ठाऊक होते. पण असा प्रश्न पडला आहे हेच त्याला कोणी सांगितले नव्हते. आमचा अहवाल आधी वर गेला, मग आडवा गेला, मग खाली उतरला. याला अकरा आठवडे लागले. पुढे मी एका फॅबलेस कंपनीत असताना साधारण याच जातीचा दोष आढळला, तेव्हा दुसऱ्या देशातल्या फाउंड्रीच्या (इतरांच्या चिप बनवून देणाऱ्या कंपनीच्या) अभियंत्याने छायाचित्रासह सूचना पाठवली, ती चौथ्या दिवशी.

एका अनुभवावरून नियम काढू नये, हे मला कळते. पण यातून प्रश्न वेगळ्या तऱ्हेने मांडता येतो. वेफरवर दिसलेली गोष्ट पुढच्या लेआउटमध्ये किती लवकर उतरते, आणि डिझाइन करणाऱ्याची गरज प्रोसेसमध्ये किती लवकर उतरते, हा खरा फायदा आहे. मालकी ही त्या फायद्याची एक सोय आहे. ती सोय असूनही फायदा मिळत नाही असे होऊ शकते, आणि सोय नसतानाही तो मिळवता येतो. तुमच्या सहकारीला फॅब हे जुने ओझे वाटते आणि तुम्हाला ते बळ वाटते. दोघेही इमारतीकडे पाहत आहात, असे मला वाटते.

थोडे मागे जाऊ. सुरुवातीच्या काळात डिझाइन आणि उत्पादन वेगळे करण्याचा प्रश्नच नव्हता. ट्रान्झिस्टरची आखणी करणाऱ्याला भट्टीचे तापमान ठाऊक असावेच लागे, कारण त्या तापमानावर त्याची आखणी अवलंबून असे. 1970च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी संशोधक कार्व्हर मीड आणि लिन कॉनवे यांनी ही गाठ सोडवली. किती जाडीची रेघ चालेल, दोन रेघांत किती अंतर हवे, असे सोपे नियम ठरवून दिले की फॅबमध्ये कधीही पाऊल न टाकलेला माणूससुद्धा चिप आखू शकतो, हे त्यांनी दाखवले. 1978 साली कॉनवे यांनी एमआयटीमध्ये शिकवलेल्या अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांची डिझाइन्स एकत्र करून त्यांच्या चिप प्रत्यक्ष तयार करून घेण्यात आल्या. 1987 साली मॉरिस चँग यांनी तैवानमध्ये टीएसएमसी स्थापन केली. स्वतःची एकही चिप न विकणारी, फक्त इतरांच्या चिप बनवून देणारी कंपनी ही कल्पना त्या वेळी अनेकांना चमत्कारिक वाटली होती. खऱ्या मर्दाकडे फॅब असते, अशा अर्थाचे एक वाक्य एएमडी या प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक जेरी सँडर्स यांच्या नावावर आजही सांगितले जाते. त्याच एएमडीने 2009 साली आपल्या फॅब वेगळ्या काढल्या आणि त्यांतून ग्लोबलफाउंड्रीज ही कंपनी उभी राहिली.

इथवरची गोष्ट तुमच्या सहकारीच्या बाजूची आहे आणि ती बहुधा हीच सांगत असेल. पण ती सर्व चिपना सारखी लागू पडत नाही. मीड आणि कॉनवे यांच्या नियमांनी जे शक्य झाले ते प्रामुख्याने डिजिटल चिपपुरते होते, कारण डिजिटल मंडलात ट्रान्झिस्टरने चालू किंवा बंद एवढेच राहायचे असते आणि त्याचा बाकीचा स्वभाव नियमांच्या पुस्तकाआड लपवता येतो. मेमरीत तसे होत नाही. तिथे एकच पेशी अब्जावधी वेळा छापायची असते आणि ती पेशी म्हणजेच प्रोसेस असते. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन हे मेमरीतले तिन्ही मोठे उत्पादक आजही डिझाइन आणि फॅब दोन्ही स्वतःकडे ठेवतात, यात जुन्या काळाचा मोह नाही. अर्थात तिथेही सीमा हलू लागली आहे. एचबीएम या, एकावर एक थर रचलेल्या मेमरीत थरांच्या तळाशी जी तर्कमंडलांची डाय असते, तिच्यासाठी एसके हायनिक्सने 2024 साली टीएसएमसीशी हातमिळवणी केली. पेशी घरी आणि तर्कमंडल बाहेर, अशी ही वाटणी आहे. ती लक्षात ठेवा, तुमच्या कामाला येईल.

तुमच्या अॅनालॉग चिप या बाबतीत मेमरीच्या जवळ आहेत. वीजनियंत्रणाच्या चिपमध्ये जो मोठा स्विच असतो त्याचा चालू स्थितीतला रोध, त्याला सहन होणारे व्होल्टेज आणि त्याने व्यापलेले क्षेत्रफळ यांची ओढाताण सतत चालू असते. ड्रिफ्ट भागाची (व्होल्टेज पेलणाऱ्या भागाची) लांबी थोडी कमी केली तर रोध आणि क्षेत्रफळ दोन्ही घटतात, पण व्होल्टेज सहन होईनासे होते. त्या भागातील डोपिंग (सिलिकॉनमध्ये मुद्दाम मिसळलेल्या अशुद्धीचे प्रमाण) थोडे बदलता आले तर दोन्ही साधण्याची शक्यता असते. हे 'थोडे बदलणे' फाउंड्रीच्या छापील प्रोसेसमध्ये सहसा मिळत नाही. पीडीकेमध्ये, म्हणजे फाउंड्री देते त्या नियमांच्या आणि उपकरणांच्या संचात, जे उपकरण दिले आहे तेच तुम्ही वापरायचे. घरच्या फॅबमध्ये मात्र डोपिंगसाठीच्या इम्प्लांटचा डोस बदलून पंचवीस वेफरचा एक प्रायोगिक लॉट टाकता येतो. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने याच वर्गातील चिपसाठी उलट दिशेने पाऊल टाकले. त्यांनी 2009 साली अमेरिकेतील रिचर्डसन येथे अॅनालॉग चिपसाठी 300 मिलिमीटर वेफरची फॅब सुरू केली आणि पुढे 2021 साली मायक्रॉनची लेहाय येथील फॅब विकत घेतली. त्यांच्या चिपना अतिसूक्ष्म नोडची (नॅनोमीटरमध्ये ओळखल्या जाणाऱ्या प्रोसेसच्या पिढीची) गरज नसते, उपकरणे दीर्घकाळ चालतात, उत्पादने दहा-पंधरा वर्षे विकली जातात आणि मोठ्या वेफरमुळे दर चिपमागचा खर्च उतरतो. हा सगळा हिशेब त्यांच्या प्रचंड खपावर उभा आहे, हे विसरू नका. तुमची कंपनी तेवढी मोठी नाही.

आता दुसरी बाजू. डिझाइन आणि उत्पादन यांची घट्ट गाठ एखाद्या कंपनीला वर नेते आणि तीच गाठ पुढे गळ्याशी कशी येते, हे इंटेलमध्ये एकाच आयुष्यात पाहायला मिळाले. 2007 साली 45 नॅनोमीटरच्या पिढीत त्यांनी हाय-के हे नवे विद्युतरोधक आणि धातूचे गेट आणले, 2012 साली 22 नॅनोमीटरमध्ये उभ्या पाखाचे ट्रान्झिस्टर बाजारात आणले, आणि दोन्ही वेळा फाउंड्रींना तिथे पोहोचायला काही वर्षे लागली. प्रोसेस बनवणारे आणि प्रोसेसर आखणारे एकमेकांच्या वेळापत्रकावर पाय ठेवून चालत होते, म्हणून हे जमले. मग 10 नॅनोमीटरची पिढी आली. तिच्यात एका वेळी फार गोष्टी मागितल्या गेल्या: चार-चार वेळा विभागून काढायच्या रेघा, कोबाल्टच्या तारा, थेट गेटवर टेकवलेले संपर्क. यील्ड बसेना. मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन कित्येक वर्षे लांबून 2019वर गेले. तोपर्यंत नव्या प्रोसेसर गाभ्याची आखणी 10 नॅनोमीटर गृहीत धरून झालेली होती, त्यामुळे प्रोसेस अडली तसा गाभाही अडला, आणि 2015 साली आलेली गाभ्याची जुनी रचना मेजावरच्या संगणकांत 14 नॅनोमीटरवरच पुन्हा पुन्हा विकावी लागली. अखेर नवा गाभा 14 नॅनोमीटरवर उतरवण्यात आला, तो 2021च्या मार्चमध्ये रॉकेट लेक या नावाने बाहेर पडला. सूक्ष्म नोडसाठी आखलेला गाभा मोठ्या नोडवर काढल्याने तो इतका फुगला की आधीच्या पिढीत दहा गाभे होते, तिथे या पिढीत आठच बसले.

हा प्रसंग तुमच्या अभिप्रायात जरूर घाला, आणि तो संपूर्ण घाला. फॅब असणे वाईट, असा त्याचा अर्थ नाही. प्रोसेस चुकली तर डिझाइनला दुसरीकडे जाण्याची वाट ठेवलेली नव्हती, हे त्याचे खरे स्वरूप आहे. पुढे इंटेलने ती वाट उघडली. 2024 सालच्या लुनार लेक या प्रोसेसरमध्ये गणन करणारा मुख्य भाग टीएसएमसीकडून बनवून घेतला. त्याच वर्षी त्यांनी आपल्या फॅबचा हिशेब उत्पादन विभागांपासून वेगळा दाखवायला सुरुवात केली, तेव्हा 2023 सालात फॅबच्या बाजूने सुमारे 7 अब्ज डॉलरचा तोटा झाल्याचे उघड झाले. त्या वेळी कंपनीने दिलेले एक कारण मला फार बोलके वाटते. घरच्या विभागांना फॅबचा खरा दर द्यावा लागत नसल्यामुळे ते 'हा लॉट तातडीने पुढे काढा' असे सर्रास सांगत, आणि असा प्रत्येक तातडीचा लॉट बाकीच्यांची रांग मोडत असे. तुमच्या फॅबमध्येही तातडीचे लॉट असतीलच. गेल्या वर्षी ते किती होते आणि त्यांचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला, हे शोधून काढा. उत्तर सापडले नाही, तर तेही लिहा.

फॅबलेस होऊनही डिझाइन आणि उत्पादन यांचा मेळ साधता येतो का? येतो, पण तो फुकट येत नाही. अॅपलने 2015 साली ए9 ही चिप सॅमसंगच्या 14 आणि टीएसएमसीच्या 16 नॅनोमीटर प्रोसेसवर, अशी दोन्हीकडे बनवून घेतली. वापरणाऱ्याच्या दृष्टीने चिप एकच होती, पण एका डायचे क्षेत्रफळ सुमारे 96 आणि दुसरीचे सुमारे 104 चौरस मिलिमीटर होते, कारण तिची प्रत्यक्ष आखणी दोन वेळा करावी लागली होती. दुसरी वाट ठेवण्याची ही किंमत आहे. एनव्हिडियाची स्वतःची फॅब कधीच नव्हती, आणि तरीही 2024 साली ब्लॅकवेल चिपचे यील्ड सुधारण्यासाठी मास्कमध्ये (वेफरवर नक्षी उमटवण्याच्या साच्यात) बदल करावा लागला, तेव्हा एनव्हिडिया आणि टीएसएमसी या दोन कंपन्यांनी तो मिळून निस्तरला. चूक डिझाइनची होती आणि ती पूर्णपणे आमची होती, असे एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी जाहीरपणे मान्य केले.

मला सर्वांत बोलके उदाहरण मात्र एएमडीचे वाटते. फॅब हातची गेल्यावर या कंपनीचे लोक उत्पादनाचा विचार अधिक काटेकोरपणे करू लागले, असे मला दिसते. वेफरवर दर चौरस सेंटिमीटरला सरासरी 0.2 दोष असतील, तर साध्या गणिताने 1 चौरस सेंटिमीटरच्या डायचे यील्ड साधारण 82 टक्के येते आणि 4 चौरस सेंटिमीटरच्या डायचे सुमारे 45 टक्के. म्हणून त्यांनी प्रोसेसर लहान तुकड्यांत विभागला. 2019 साली आलेल्या झेन 2 या पिढीत गणनाचे तुकडे प्रत्येकी जेमतेम 74 चौरस मिलिमीटरचे होते आणि ते टीएसएमसीच्या 7 नॅनोमीटरवर बनले. ज्याला सूक्ष्म नोडचा फारसा लाभ होत नाही असा इनपुट-आउटपुटचा भाग ग्लोबलफाउंड्रीजच्या जुन्या नोडवरच राहिला. ही आखणी करणाऱ्यांना फॅब आतून कळत होती. मालकी गेली होती, जाण राहिली होती.

इथे मी तुमच्या बाजूने एक इशारा देतो, कारण तुमची सहकारी याच उदाहरणांवर भर देईल. अॅपल आणि एनव्हिडिया यांच्यासाठी फाउंड्री आपले उत्तम अभियंते बसवते, कारण त्यांचा व्यवसाय तेवढा मोठा आहे. मध्यम कंपनीला छापील पीडीके, एक खातेप्रमुख आणि रांगेतला एक क्रमांक मिळतो. 2021च्या टंचाईत चिपअभावी मोटारींचे कारखाने थांबले होते, तेव्हा या क्रमांकाचा अर्थ अनेकांना कळला. माझ्याकडे चौथ्या दिवशी सूचना आली, असे मी वर लिहिले. ती फाउंड्री मोठी नव्हती आणि आम्ही तिचे महत्त्वाचे ग्राहक होतो, हे सांगितले नाही तर मी अर्धेच खरे बोललो असे होईल. आपल्या एकूण व्यवसायाला किंमत देईल अशा आकाराची फाउंड्री शोधणे, हे सर्वांत प्रगत फाउंड्री शोधण्यापेक्षा तुमच्यासारख्यांना अधिक उपयोगी पडते.

आता सहा आठवड्यांचे काम. पहिल्या दोन आठवड्यांत एकच गोष्ट करा: गेल्या पाच वर्षांतील अशा प्रत्येक निर्णयाची नोंद काढा, ज्यात डिझाइनसाठी प्रोसेस बदलली गेली किंवा प्रोसेसमधल्या निरीक्षणामुळे डिझाइन बदलले. सभांच्या इतिवृत्तांवर अवलंबून राहू नका. प्रोसेस बदलाच्या नोंदी, मास्कच्या आवृत्त्या आणि प्रायोगिक लॉटच्या वह्या पाहा. प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी लिहा: पहिल्या निरीक्षणापासून बदललेला वेफर हाती येईपर्यंत किती दिवस गेले, त्यातून काय हाती लागले, आणि हा बदल बाहेरच्या फाउंड्रीने करून दिला असता का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना तुमचा जीव वरखाली होईल, म्हणून ते तुम्ही एकट्याने देऊ नका. तुमच्या त्या सहकारीला सोबत घ्या आणि अभिप्रायावर दोघांच्या सह्या असू द्या. फॅबमधला जुना माणूस आणि डिझाइनमधली नवी व्यक्ती यांना सहा आठवड्यांत एक कागद एकत्र लिहिता आला नाही, तर एकत्रपणाच्या बळावर कंपनी चालते हा दावा संचालकांसमोर करणे तुम्हालाच अवघड जाईल.

माझा अंदाज असा, की यादीतल्या बहुतेक नोंदी अॅनालॉगच्या निघतील आणि मायक्रोकंट्रोलरच्या रकान्यात फारसे काही नसेल. तसे निघाले तर 'विकावी की ठेवावी' हा प्रश्नच चुकीचा बांधलेला आहे. मायक्रोकंट्रोलर डिजिटल आहेत, त्यांचे मोल आखणीत, सॉफ्टवेअरमध्ये आणि ग्राहकाच्या सवयीत आहे. ते फाउंड्रीकडे गेल्याने तुमचे फारसे बिघडत नाही. अॅनालॉग चिप घरी ठेवता येतील. सोनीने प्रतिमासंवेदकांत हेच केले: प्रकाश टिपणारा थर स्वतःच्या फॅबमध्ये, आणि त्याखालच्या तर्कमंडलांच्या थरासाठी टीएसएमसीसारखा भागीदार, इतका जवळचा की 2024 साली जपानमधील कुमामोतो येथे सुरू झालेल्या टीएसएमसीच्या कारखान्यात सोनीचे भांडवल आहे. यादी उलट निघाली किंवा रिकामीच निघाली, तर मात्र तुम्ही फॅबचा खर्च सोसता आहात आणि तिचा फायदा घेत नाही, हे सरळ मान्य करा. मग मायेला तांत्रिक भाषेत मांडण्याची गरज उरत नाही.

अॅनालॉग घरी ठेवायचे ठरले, तरी एक गणित टाळता येत नाही. मायक्रोकंट्रोलरचे वेफर बाहेर गेले की फॅब अर्धी रिकामी होईल, आणि तिचा स्थिर खर्च उरलेल्या वेफरवर पडेल. स्वच्छ खोलीची हवा, शुद्ध पाणी आणि रात्रपाळी या गोष्टी अर्ध्या करता येत नाहीत. तुमच्या बाजूची गोष्ट एवढीच, की जुन्या फॅबच्या यंत्रांचा घसारा बहुधा केव्हाच संपलेला असतो, त्यामुळे नव्या फॅबसारखा तिचा बोजा रोज वाढत नाही. रिकाम्या जागेत इतर छोट्या कंपन्यांच्या अॅनालॉग चिप बनवून देता येतील का, हे पाहा. पण बाहेरचा ग्राहक सांभाळणे हे वेगळेच कौशल्य आहे आणि ते तुमच्याकडे आहे असे गृहीत धरू नका. बाहेरच्या ग्राहकासाठी पीडीके लिहून, जपून, सुधारून द्यावे लागते. घरच्यांना आजवर फोनवर सांगून भागत होते.

विक्रीच झाली, तर करार कोण वाचतो याला महत्त्व आहे आणि त्या वेळी तुम्ही खोलीत असायला हवे. फॅब वेगळी काढल्यावरही एएमडीवर ठरावीक वेफर विकत घेण्याचे बंधन होते. 2012च्या अखेरीस हे बंधन सैल करून घेण्यासाठी त्यांनी 32 कोटी डॉलर मोजायचे कबूल केले. आयबीएमला तर आपला चिप उत्पादनाचा व्यवसाय ग्लोबलफाउंड्रीजकडे सोपवताना स्वतःच दीड अब्ज डॉलर द्यावे लागले. म्हणजे फॅब विकून पैसा येईल, हेही गृहीतकच आहे. वेफरचा दर किती वर्षे बांधलेला राहील, खप घटला तर काय, नवा मालक प्रोसेस बंद करू इच्छित असेल तर किती आधी कळवेल, शेवटचा साठा मागवण्याची मुभा किती मोठी असेल, आणि तुमच्या लोकांनी विकसित केलेल्या प्रोसेसचे हक्क व कृतीपत्रे दुसऱ्या फॅबमध्ये नेता येतील का, ही कलमे आधी मागा. नव्या ठिकाणी बनलेली प्रत्येक चिप पुन्हा पात्रता चाचण्यांतून जाते आणि ग्राहकाला बदलाची आगाऊ सूचना द्यावी लागते; वाहनांत जाणाऱ्या चिपना वर्षभर किंवा त्याहून अधिक लागू शकते. विक्रीच्या प्रस्तावातल्या बचतीत हा काळ धरलेला आहे का, ते तपासा.

आणि काहीही ठरले तरी सात-आठ प्रोसेस इंटिग्रेशनचे आणि यील्डचे लोक कंपनीत ठेवा, अशी अट अभिप्रायात घाला. चांगल्या फॅबलेस कंपन्यांकडे असे लोक असतात. फाउंड्रीने पाठवलेला वेफरचा नकाशा वाचून तिला नेमका प्रश्न विचारणारे कोणी नसेल, तर फाउंड्री जे सांगेल ते ऐकावे लागते. फॅबबरोबर ही माणसेही नव्या मालकाकडे जातात आणि दोन वर्षांनी ती परत मिळत नाहीत, हे मी एकदा जवळून पाहिले आहे. तुम्ही स्वतः अशा लोकांपैकीच आहात. तेव्हा तुमच्या चौदा वर्षांचे काय होणार, ही जी काळजी पत्राच्या शेवटच्या ओळीत डोकावते, तिच्यासाठी फॅब टिकलीच पाहिजे असे नाही.

मायेबद्दल विचारले होते. ती लपवू नका. अभिप्रायाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा, की मी या फॅबमध्ये चौदा वर्षे काम केले आहे आणि वाचणाऱ्याने हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे. त्यानंतर यादी जोडा. आणि कच्चा मसुदा तयार झाला की संचालकांकडे जाण्याआधी तो रात्रपाळीच्या प्रमुखाला वाचायला द्या. कोणता लॉट कोणी, कोणाच्या सांगण्यावरून थांबवला आणि डिझाइनमधून खरोखर कोण फोन करते, हे तुमच्या नोंदींपेक्षा त्याला जास्त ठाऊक असेल.